हात ओले आहेत

जुनं घर घ्यावं की नको हे विचारायला तुम्ही आलात, तर आधी नीट बसा. आमचं घर तुम्ही आत येताना पाहिलंतच. आवडलं ना? सगळ्यांनाच आवडतं. आम्ही इथे सुखात आहोत, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही उगाच खुर्चीच्या कडेला सरकणार नाही. तो दिवा तेवढा जवळ ओढा. या खोलीत संध्याकाळ जरा लवकर होते.

जुनी घरं तपासून देणं हा माझा धंदा. लोक घराच्या प्रेमात पडतात, मग मला बोलावतात, आणि मी कोपऱ्याकोपऱ्यात वाकून त्या प्रेमावर पाणी ओततो. घर पाहावं बांधून, म्हणतात ना? मी म्हणायचो, घर पाहावं ठोकून. नवा रंग म्हणजे बहुतेक वेळा वरून कीर्तन, आतून तमाशा. पण भिंतीला खोटं बोलता येत नाही. बोटांची पेरं वाकवून दोनदा टकटक करायची. गिलावा विटेला धरून असेल तर आवाज भरीव येतो, सुटला असेल तर पोकळ. माझी ही सवय इतकी मुरलेली की कोणाच्या घरी पाहुणा गेलो तरी हात आपोआप भिंतीकडे जायचा, आणि बायको डोळे वटारायची.

या धंद्यानं एक झालं. मला स्वतःसाठी कुठलंच घर पसंत पडेना. लग्न झाल्यापासून आम्ही भाड्यानं राहत होतो. ही घर शोधून काढायची आणि मी जाऊन त्याला नापास करून यायचो. एकाची तुळई वाळवीनं खाल्लेली, एकाचा पाया एका बाजूला खचलेला, एकाचं छप्पर असं की पावसाला वेगळं आमंत्रण द्यायला नको. "तुम्हाला घर नको, निर्दोष आरोपी हवाय," ही म्हणायची. आम्हाला मूल नाही. ते दुःख आम्ही दोघांनी कधीच गिळून टाकलेलं. पण मी दिवसभर परक्यांच्या भिंती ठोकत फिरणार आणि ही परक्याच्या घरात एकटी बसणार, हे तिला सोसेनासं झालं होतं. आधी ती भांडायची. मग भांडणंही बंद झाली, आणि मला ते फार जड गेलं.

एक दिवस जेवता जेवता म्हणाली, "अहो, एक शेवटचं घर पाहू. तेही नाही म्हणालात तर मी ताईकडे राहायला जाते. रागानं नाही हं सांगत. मला बोलायला माणूस लागतं."

ती खरंच रागावलेली नव्हती, म्हणूनच मी घाबरलो. तिच्या ताईचं घर इथून एका दिवसाच्या प्रवासावर. ती गेली असती तर परत आली नसती, हे मला स्पष्ट कळत होतं.

तर ते शेवटचं घर म्हणजे हे. दुपार टळल्यावर आम्ही पोचलो. ही वस्ती तेव्हाही अशीच होती. झाडांच्या मुळांनी फरशा उचललेला रस्ता, बुटकी कुंपणं, आणि कुठलं कुत्रं कोणाचं हे सगळ्यांना माहीत. फाटकाशी आमचा नेहमीचा दलाल उभा होता. गोल चेहऱ्याचा, गोल पोटाचा माणूस, बोलायला लागला की विरामचिन्हं विसरायचा. म्हणाला, दुसरी पार्टी तयार आहे, उत्तर आजच हवं. दलालाकडे दुसरी पार्टी नेहमीच तयार असते. या वेळी मात्र ती खरी निघाली, कारण घर पाहून ते नवरा-बायको आमच्यासमोरच खूश होऊन बाहेर पडले.

आत शिरलो आणि मला थोडा रागच आला. खोड काढायला काही सापडेना. बरीच वर्षं बंद असलेलं घर, तरी लाकडी जमीन कुठे कुरकुरत नव्हती. दारावरच्या रंगीत काचांतून उन्हाचे तुकडे जमिनीवर पडले होते. ओळंबा सोडून पाहिला, भिंती सरळ. तुळईला टोच्या मारून पाहिला, लाकूड खणखणीत. पोटमाळ्यावर चढलो तर उंदराची लेंडीसुद्धा नाही. खाली आलो तेव्हा ही खिडकीतल्या रुंद बैठकीवर पाय वर घेऊन बसली होती. बाहेरच्या झाडाकडे पाहत होती. किती दिवसांनी मी तिचा चेहरा इतका सैल पाहिला. मला वाटलं, देवा, या घरात आता काही सापडू नये.

आणि नेमकं तेव्हाच मी मधल्या बोळात शिरलो.

तुम्ही आता हात धुवायला गेलात ना, तोच तो बोळ. बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत जाणारा. त्याला खिडकी नाही. तेव्हा घराची वीज तोडलेली होती, त्यामुळे भर दिवसा तिथे अंधार. आत पाऊल टाकलं आणि वास आला. साबणाचा, ओला, नुकतीच भांडी घासून ठेवल्यासारखा. मी मनात म्हटलं, सापडली ओल. हात लावून पाहिला तर भिंत कोरडी ठणठणीत. मग सवयीप्रमाणे टकटक करत पुढे सरकलो. भरीव, भरीव, भरीव… आणि मग पोकळ.

"आले हं…"

आवाज बाईचा होता. कामात असलेल्या बाईचा, मान न वळवता दिलेला. मला वाटलं, ही स्वयंपाकघरात गेलीय. "नको येऊ, काही नाही," असं म्हणून मी पोकळी कुठवर आहे ते चाचपू लागलो. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. टकटक. टकटक. पोकळीच्या कडा सरळ रेषेत होत्या. माणसाहून थोडी उंच, दोन हात रुंद.

"आले, आले… हात ओले आहेत."

या वेळी मी नीट ऐकलं. स्वयंपाकघर माझ्या डाव्या हाताला होतं आणि आवाज समोरून आला. भिंतीतून. मागोमाग भांड्यावर भांडं ठेवल्याचा बारीक आवाज झाला. मी मागे सरून स्वयंपाकघरात डोकावलो. कोणी नव्हतं. नळ सोडून पाहिला, तो नुसता फुसफुसला. घराचं पाणीही तोडलेलं होतं. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला माझी बायको दिसली. ती परसात उभी राहून कुंपणापलीकडच्या कोणाशी तरी हसून बोलत होती.

माझ्या पाठीवरून घाम ओघळला, तो आजही आठवतो. पण धंद्याची खोड वाईट. घाबरलेला माणूस पळून जातो, मी भिंतीची दुसरी बाजू पाहायला गेलो. घराला वळसा घालून त्या ठिकाणी पोचलो. बाहेर घर आणि कुंपण यांच्यात जेमतेम माणूस चालेल एवढी जागा. भिंतीत एका चौकोनात विटा वेगळ्या रंगाच्या होत्या. कधीकाळी तिथे दार होतं, ते बुजवलेलं. बाहेरून विटा, आतून गिलावा, मध्ये बंद दार तसंच ठेवलेलं, म्हणून पोकळ आवाज. म्हणजे मी भिंत तपासतोय असं समजत होतो, आणि खरं तर एका दारावर टकटक करत होतो.

"ते दार कधीच बुजवलं," कुंपणावरून आवाज आला. मघाशी हिच्याशी बोलत होत्या त्याच बाई. शाळेतून निवृत्त झालेल्या मास्तरीणबाई, शेजारच्या घरात राहतात. चष्म्यावरून पाहत म्हणाल्या, "आमची सगळी आळी त्याच दारानं आत जायची. पुढचं दार फक्त पाहुण्यांना."

"कोण राहायचं इथे?"

"काकू. दार वाजलं की आतून म्हणायच्या, आले हं, हात ओले आहेत. सदा पाण्यात हात. जातायेता मुलं उगाच दार वाजवून जायची, तरी कधी चिडल्या नाहीत. आळीतलं प्रत्येक पोर त्यांच्या हातचं खाऊन मोठं झालं. त्यांना मुलांचा फार लळा."

"त्या… याच घरात गेल्या का?"

"छे हो. पुतण्याकडे गेल्या त्या, लांब. झोपेत. वाईटसाईट काही झालं नाही या घरात, मनात काही आणू नका."

"मग दार का बुजवलं?"

"नंतरच्या मंडळींनी बुजवलं. म्हणायचे, वारा येतो." मास्तरीणबाईंनी त्या चिंचोळ्या जागेकडे एकवार पाहिलं. "मला तरी इथे कधी वारा लागला नाही. तुम्ही वाजवलंत का दार?"

"भिंत तपासत होतो."

"आणि आतून उत्तर आल्यावर गप्प उभे राहिलात?" वर्गात उशिरा आलेल्या मुलाकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "दार वाजवून मुकाट उभं राहायचं, हे काही बरं नव्हे."

मी तडक आत निघालो. मनात एकच, हिला घेऊन इथून बाहेर पडायचं. घराला एवढा मोठा दोष पाहून गप्प राहणं मला शक्यच नव्हतं. पण त्या दोषाला म्हणायचं काय? ओल म्हणता येईना, वाळवी म्हणता येईना. आणि नको म्हटलं की ही ताईकडे. दारातल्या रंगीत उन्हात क्षणभर थांबलो आणि बोळाकडे वळलो.

ही बोळात उभी होती. अंधारात तिची फक्त साडीची कड दिसत होती.

"अहो, इथे कोणी राहतं का? मघाशी हाक ऐकू आली."

"चल बाहेर," मी हळूच म्हणालो. "चल ना…"

पण तिनं हात उचललाच होता. माझ्यासारखं तपासायला नव्हे. एखाद्याच्या घरी गेल्यावर वाजवावं तसं, अदबीनं, बरोबर त्या पोकळ जागी तिनं वाजवलं.

साबणाचा वास दाटून आला. आत कुठेतरी पाणी ओतल्याचा आवाज. मग, "आले हं… हात ओले आहेत जरा…"

आता तुम्ही सांगा, अशा वेळी माणूस काय करेल? किंचाळेल, पळेल. आमच्या हिला आईनं वळणच असं लावलेलं की तोंडातून निघायचं तेच निघालं.

"सावकाश होऊ द्या, काकू. घाई नाही काही. आम्ही आहोत इथेच."

बोलून गेल्यावर तिलाही उमगलं असावं, कारण तिनं माझं मनगट घट्ट धरलं. आतले आवाज थांबले. मग पावलं आली. अनवाणी, सावकाश, ओल्या जमिनीवरून येतात तशी. भिंतीच्या अगदी पलीकडे येऊन थांबली. थेंब पडत होते. टप… टप… आणि आमच्या कानाच्या उंचीवरून, कोणी तोंड जवळ आणून बोलावं तसं, हसऱ्या आवाजात शब्द आले.

"आम्ही कसलं… आपणच आहोत की सगळे."

आम्ही म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, आपण म्हटलं की तोही आत येतो. व्याकरणाचा हा एवढासा फरक. पण मी एक पाऊल मागे सरलो. मनगटावरची हिची पकड मात्र सैल झाली. मी तिच्याकडे पाहिलं, तर ती हसत होती. घाबरून नव्हे, बऱ्याच दिवसांनी माहेरचं माणूस भेटल्यासारखी.

बाहेर पायरीवर आम्ही दोघं बसलो. दलाल फाटकाशी फोनवर बोलत होता, ते एक बरं झालं.

"अहो," ती म्हणाली, "आता घ्यायलाच हवं."

"वेडी झालीस का?"

"'आम्ही आहोत इथेच' असं मी म्हणाले ना त्यांना. आता सोडून कसं जायचं?" थोडा वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली. "आणि मला भीती नाही वाटली. तुम्हाला वाटली का?"

"हो," मी म्हणालो. खोटं कशाला बोलू?

"मग तुम्ही तिथे नका टकटक करू. मी आहे ना."

मी तिच्याकडे नीट पाहिलं. ताईकडे जाण्याची भाषा करणारी बाई ती नव्हतीच. गालांवर रंग आला होता. इतकी वर्षं मी घरांतले दोष शोधले, पण एखाद्या घरात शिरल्या शिरल्या माणूस बरं झालेलं कधी पाहिलं नव्हतं. मी उठलो आणि दलालाला सांगितलं, घेतो. इतक्या घरांना नाही म्हणताना त्यानं मला पाहिलेलं. त्याच्या हातून किल्ल्यांचा जुडगा खाली पडला.

तर असे आम्ही इथे आलो. सुखात आहोत म्हणालो ते शब्दशः खरं. ही गुणगुणते, रात्री शांत झोपते, मास्तरीणबाईंशी कुंपणावरून तासतासभर गप्पा मारते. घराबाहेर पडताना बोळाकडे तोंड करून "जरा जाऊन येते हं" म्हणते. कधी मी लवकर परतलो तर बोळात बोलणं चालू असतं. मी आलो की थांबतं. लपवाछपवी म्हणून नव्हे, गप्पा संपतात तसं. मी चौकशी करत नाही. तुम्हीही तुमचं घर खुशाल घ्या. ठोकून पाहा, आणि ठोकल्यावर उत्तर आलंच, तर काय बोलायचं ते आधी ठरवून ठेवा.

एक गोष्ट मात्र मी कोणाला सांगितलेली नाही. तुम्ही माझ्याच धंद्यातला सल्ला मागायला आलात म्हणून सांगतो. जुन्या घरात दार रोज कुठे उघडलं जातं ते रंगावरून कळतं. कडीच्या उंचीवर हात लागून लागून तेलकट, काळपट डाग पडतो, आणि दारासमोरच्या जमिनीचं पॉलिश जातं. आमच्या बोळातल्या त्या भिंतीवर असा डाग आहे. हिच्या हाताच्या उंचीवर. भिंतीला ना दार, ना कडी, वर सपाट गिलावा. दोनदा रंग दिला, दोनदा डाग परत आला. खाली जमिनीचं पॉलिश भिंतीपर्यंत झिजलंय आणि भिंतीशीच संपतं. त्याचीही मी सवय करून घेतली. ज्या घरात आपलं माणूस सुखी आहे, तिथे एका डागाचं काय एवढं, असं म्हणून सोडून दिलं.

पण मग त्याच्या खाली दुसरा डाग दिसू लागला. पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो माझ्या गुडघ्याशी होता. मला वाटलं ओल असेल, ओल तळातूनच वर चढते. बोट फिरवलं तर भिंत कोरडी, आणि डाग तेलकट. दिवा धरून पाहिलं तर त्यात बोटं दिसली, बारीक, माझ्या नखाएवढी. वर्षभरानं तो डाग गुडघ्याच्या वर सरकला होता. यंदा माझ्या कमरेला लागलाय. परवा मी फडकं ओलं करून तो पुसायला गेलो, तर ही मागून आली आणि तिनं माझा हात धरला. तिचे हात ओले होते.

"राहू द्या हो," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी त्याचा हात कडीला पुरेल."